तुम्ही विचारलंत म्हणून: भजनात शेख महंमद कशाला?

कार्तिकातला काकडा आटोपून चहा फिरायला लागला की कोणीतरी विचारतंच, "भाऊ, इठ्ठलाच्या भजनात हा शेख महंमद कायले आनता?" विचारणारा कधी बाहेरगावचा पाहुणा असतो, कधी गावातलाच कॉलेजातून आलेला पोरगा.

शेख महंमद म्हणजे श्रीगोंद्याचे संत, 'योगसंग्राम' हा ग्रंथ लिहिणारे. त्यांचा हा अभंग माझ्या आजीला पाठ होता: "ऐसे केले या गोपाळे, नाही सोवळे ओवळे." पुढे काट्यांतला केवडा येतो, फणस येतो, नारळ येतो. आमच्या वऱ्हाडात ना केवडा ना फणस. आजी पऱ्हाटीकडे बोट दाखवायची. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटं सोलून काढतात, पण कापूस असतो त्याच बोंडात.

शेवटची ओळ मात्र मला फार उशिरा कळली.

"शेख महंमद अविंध । त्याचे हृदयी गोविंद ॥"

अविंध म्हणजे कान न टोचलेला. मुसलमानाला आपले लोक ठेवायचे ते नाव. महंमदांनी ते खोडलं नाही, स्वतःच्या नावाला जोडून घेतलं. गोविंद हवा म्हणून कान टोचून घ्यायला काही ते गेले नाहीत.

म्हणून "सगळे धर्म सारखेच" हे सभेतलं वाक्य मला पटत नाही. संतांनी इतकं गुळमुळीत कुठं लिहिलंय? संत एकनाथांचा हिंदू-तुर्क संवाद वाचा. एक म्हणतो काफर, दुसरा म्हणतो विटाळ होईल, परता सर. एकमेकांचं सगळं उणंदुणं काढून झाल्यावर मग आलिंगन. आधी भांडण पुरतं होऊ दिलंय नाथांनी. नामदेव तर म्हणतात, हिंदू आंधळा, तुर्क काणा, दोघांहून ज्ञानी शहाणा. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची 61 पदं आहेत, हे त्यांतल्याच एका पदातलं. त्याच ग्रंथात सूफी संत शेख फरीदही आहेत. आता, आंधळा हा शब्द आपल्या वाट्याला आलाय, काणा शेजाऱ्याच्या. ही वाटणी काकड्याला बसणाऱ्यानं जरा ध्यानात ठेवावी.

आमच्या भागात तुकडोजी महाराजांची खंजिरी घराघरांत ऐकलेली. "हर देश में तू, हर वेष में तू" सगळ्यांना येतं, सोपं आहे, चाल गोड आहे. ते म्हटलं की कोणी काही विचारत नाही. शेख महंमद म्हटलं की विचारतात, कारण तिथं नावच आडवं येतं. मला वाटतं, यायलाच हवं.

आमचे ढोलकीवाले चाचा सायकलींची पंक्चर काढतात. त्यांनाही हाच प्रश्न येतो, फक्त दुसऱ्या बाजूनं: भजनात ढोलकी काहून वाजवता? एकदा मी म्हटलं, "चाचा, तुम्ही काय सांगता?"

"काय सांगू? गावात दुसऱ्या कोनाले येते काय ढोलकी?"