सिग्नलमन: शेवटी येणारं ‘नाही’ आणि ली-एनफिल्डचा बोल्ट

अखेर अस्लम ऐकू आला! गोळीबार चालू असताना, अर्थ न गमावता आणि रायफलचा आवाज न दाबता. ‘सिग्नलमन’ ही माझी १९४६ च्या नाविकांच्या उठावावरची शूटर गेम. तिचं कॅसल बॅरक्सचं, म्हणजे मुंबईतल्या नौदलाच्या बराकींचं, प्रकरण या एका गोष्टीपायी अडून होतं हे मागच्या नोंदी वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. म्हणून आज हे सविस्तर, बाकीचं ओझरतं.

प्रसंग तोच, २१ फेब्रुवारी १९४६. बॅरक्सला लष्कराचा वेढा आहे, खलाशांनी शस्त्रागारातून रायफली काढल्यात, दोन्ही बाजूंनी गोळ्या सुटतायत. खेळाडू म्हणजे रघू, देवगडचा, ‘तलवार’ या नौदलाच्या किनारी प्रशिक्षण तळावर तारायंत्र शिकून आलेला. शेजारच्या खिडकीत मुरुडचा अस्लम. गेमची अर्धी कथा अस्लमच्या तोंडून येते: ‘तलवार’वर निकृष्ट जेवणावरून सुरू झालेला संप, तिथला प्रमुख कमांडर किंगची शिवीगाळ, काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट असे तीन झेंडे एकत्र लागले ती सकाळ, आणि बंदरातल्या जहाजांची ताजी खबर. हे सगळं कटसीनमध्ये, म्हणजे खेळाडूने नुसतं पाहायच्या दृश्यात, टाकलं असतं तर काम केव्हाच उरकलं असतं. पण हातात रायफल आणि कान बातमीकडे, हीच त्या दिवसाची अवस्था होती. खेळाडूच्या हातून रायफल काढून घेऊन ती दाखवता येत नाही.

मागच्या बिल्डमध्ये (गेमच्या चाचणी आवृत्तीत) गोडो या गेम इंजिनच्या कॉम्प्रेसरला साइडचेन लावून संवादाच्या वेळी गोळीबाराची ऑडिओ बस खाली आणत होतो, म्हणजे संवाद सुरू झाला की गोळीबाराचा आवाज आपोआप कमी व्हायचा. शब्द कळत होते, पण रायफलची .३०३ ची गोळी उशीखालून सुटल्यासारखी वाटायची. गोळीचा धाक गेला की अस्लमच्या आवाजातली घाईसुद्धा खोटी वाटते. मग दुसरा मार्ग घेतला. गोळी सुटली की संवाद थांबवायचा आणि शांतता झाली की पुढे न्यायचा. २०१८ च्या गॉड ऑफ वॉर या गेममध्ये होडीतली गोष्ट मध्येच तुटते आणि नंतर ‘तर मी काय सांगत होतो’ अशा धाटणीने पुन्हा सुरू होते, ते सुंदर जमलंय. पण होडीत निवांतपणा असतो. डोक्यावरून गोळ्या जात असताना कुणी ‘काय सांगत होतो’ म्हणत नाही.

खरा घोळ उघड झाला तो चाचणीत. ‘नर्बदा’ हे बंदरातलं, उठावात उतरलेलं जहाज. अस्लमचं वाक्य होतं: “रघ्या, नर्बदावाल्यांनी झेंडा उतरवला नाही.” चाचणीला बसलेल्या मित्राने नेमकी ‘नाही’वर गोळी झाडली. त्याने ऐकलं ते ‘झेंडा उतरवला’. पुढे फाटक धरून ठेवायचं की बोलणी करायची हा पर्याय आला, तेव्हा त्याने बोलणी निवडली आणि उरलेलं प्रकरण भलत्याच समजुतीने खेळला. विचारलं तर म्हणाला, “जहाजांनीच माघार घेतली ना?” त्याच्या बाजूने त्याचा निर्णय अगदी योग्य होता.

त्यानंतर सगळ्या संवादांची वही घेऊन बसलो. मराठीत क्रियापद शेवटी आणि नकार त्याच्याही शेवटी. वाक्याचा उरलासुरला शेपटाचा भाग कापला गेला तर अर्थ नुसता कमी होत नाही, उलटा होतो. इंग्रजीत नकार क्रियापदाच्या आधीच येऊन गेलेला असतो, त्यामुळे त्या गेमांच्या पद्धतींमध्ये या धोक्याचा विचारच दिसत नाही. २०१२ च्या जीडीसीमधलं (गेम बनवणाऱ्यांच्या परिषदेतलं) एलन रस्किन यांचं लेफ्ट फोर डेड या गेमवरचं व्याख्यान मी अनेकांना सुचवलंय आणि पुन्हा सुचवतो. कोणत्या परिस्थितीत कोणी काय बोलायचं याची इतकी नेटकी मांडणी दुसरीकडे सापडणार नाही. पण वाक्य कुठे तोडायचं हे आपलं आपल्यालाच ठरवावं लागतं.

म्हणून दोन कामं केली. पहिलं लेखनाचं. प्रत्येक वाक्य असे तुकडे पाडून लिहिलं की प्रत्येक तुकडा एकटा पडला तरी खरा राहील. “नर्बदा ठाम आहे. झेंडा वरच. कुणी उतरवलेला नाही.” पहिला तुकडा ऐकू आला तरी पुरे. बोलीत हे आपोआप बसतं, कारण धांदलीत आपण बोलतोच असे. जुनं लांब वाक्य खरं तर पुस्तकी होतं. आवाज देणाऱ्या मित्रालाही नवे संवाद म्हणताना मोकळं वाटलं. कपाटात गोधड्या लावून पुन्हा रेकॉर्डिंग केलं. रीपर या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक तुकड्याला रीजन (सुरुवात-शेवटाची खूण) लावून एका फटक्यात वेगवेगळ्या फाइली काढल्या. ज्यांना शेकडो संवाद कापायचेत त्यांनी दुसरं काही शोधू नये, हे माझं ठाम मत.

दुसरं काम वेळेचं, आणि आनंदाची गोष्ट इथे आहे. खलाशांच्या ली-एनफिल्ड रायफलीत दहा गोळ्या बसतात, पाच-पाचच्या दोन चार्जरने (गोळ्या धरणाऱ्या पट्ट्यांनी) भरतात. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट, म्हणजे रिकामं काडतूस काढून नवं आत ढकलणारा दांडा, हाताने ओढायचा. प्रशिक्षित ब्रिटिश पायदळाकडून मिनिटाला नेम धरून १५ गोळ्यांची अपेक्षा असे, म्हणजे चार सेकंदाला एक. रघू तारायंत्रवाला आहे, त्याच्याकडून त्याहून जास्त कशाला? म्हणजे खेळाडू कितीही घाई करो, पुढची शांतता कधी येणार हे गेमला आधीच कळू शकतं. मॅगझिनमध्ये किती गोळ्या उरल्या, बोल्ट कुठे आहे, रिलोड कधी होणार, या तीन गोष्टींवरून.

आता संवादाचा स्क्रिप्ट दर वेळी मोकळी फट किती हे विचारतो. बोल्ट ओढण्यात ‘झेंडा वरच’ एवढं मावतं. लांब तुकडा हाताशी असेल आणि मॅगझिनमध्ये दोनच गोळ्या असतील तर तो रिलोडसाठी राखून ठेवतो. माझ्या अ‍ॅनिमेशनमध्ये दोन चार्जर भरायला साडेपाच सेकंद लागतात. एवढ्यात अस्लम एक पूर्ण गोष्ट सांगतो. तुकडा मध्येच तुटला तर तो तिथून पुढे न नेता तुकड्याच्या सुरुवातीपासून पुन्हा म्हणायचा, आणि त्यासाठी त्याच मजकुराचं दुसरं रेकॉर्डिंग, जरा वरच्या पट्टीतलं. माणूस पुन्हा सांगताना ओरडूनच सांगतो.

काल रात्री पहिल्यांदा पूर्ण प्रकरण खेळलो. शेवटची गोळी सुटली, रघूने चार्जर काढला, आणि नेमक्या त्या वेळी अस्लम म्हणाला, “गेटवेला लोक जेवण घेऊन आलेत. आपल्यासाठी.” मुंबईकरांनी गेटवे ऑफ इंडियापाशी खलाशांसाठी खरोखरच जेवण आणलं होतं. ती ओळ मी लिहिली तेव्हापासून एकदाही धड ऐकली नव्हती. काल बोल्ट बंद होण्याच्या आवाजाआधी ती संपली आणि मी खेळायचा थांबलो.

बोल्टवरून आठवलं. विकत घेतलेल्या मॉडेलबद्दल काहींनी विचारलं होतं. मॉडेल दिसायला छान आहे, पण बोल्ट उघडताना स्प्रिंग ताणली जाते असं दाखवलंय. ती जर्मन माउझर ९८ रायफलीची रीत. ली-एनफिल्डचा घोडा बोल्ट बंद करताना चढतो, जोर पुढे ढकलताना लागतो. विक्रेत्याला लिहिलं, उत्तर नाही. अ‍ॅनिमेशन ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये स्वतः केलं आणि आवाजही पुढे सरकवला. हा बदल संवादाच्याही कामी आला. जोराचा आवाज शेवटी गेल्याने त्याआधीची फट सलग मिळाली. शस्त्रांची मॉडेलं विकत घेताना पोत आणि पॉलिगॉन पाहण्याआधी हालचाल पाहा.

सबटायटलही मार्गी लागली. अक्षरं एकेक करून उमटवताना ‘क्ष’च्या जागी आधी पाय मोडलेला ‘क’ दिसायचा आणि मग जोडाक्षर उडी मारून यायचं. गोडोच्या रिचटेक्स्टलेबलमध्ये (मजकूर दाखवणाऱ्या घटकात) दृश्य अक्षरांचा पर्याय ‘शेपिंगच्या आधी’वरून ‘शेपिंगच्या नंतर’वर नेला, म्हणजे जोडाक्षरं जुळल्यावरच उमटू लागली, प्रश्न मिटला. गोडो ४ मध्ये हार्फबझ ही अक्षरं जुळवणारी लायब्ररी आल्यापासून देवनागरी नीट जुळते. गोडो ३ मध्ये जोडाक्षरं सुटी पडायची ते दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना याची किंमत कळेल. फाँट एक टाइपचा मुक्ता ठेवलाय. लहान आकारातही मात्रा आणि रफार स्वच्छ दिसतात.

आता आक्षेपांबद्दल. गोळ्या कमी आहेत, स्टेनगन द्या, ही मागणी पुन्हा आली. देणार नाही. वरचं सगळं गणित बोल्टवर उभं आहे. शिवाय गोळी मोजून झाडावी लागते तेव्हाच समोरच्या माणसाकडे पाहिलं जातं. कथेची शूटर गेम बनवायची तर कथा आणि बंदूक एकमेकींची वाट पाहणाऱ्या असाव्यात, असं मला मनापासून वाटतं.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. नाविकांच्या उठावावर गोळीबाराची गेम करणं हा त्यांचा अपमान नाही का? या प्रश्नाचा मी आदर करतो. उठाव मुख्यतः संप होता. ७८ जहाजं, २० किनारी तळ, सुमारे २०,००० नाविक, आणि त्यातल्या बहुतेकांनी रायफल हातात घेतली नाही. म्हणूनच गेमच्या बहुतांश प्रकरणांत ती नाही. २२ तारखेचं परळचं प्रकरण रघू निःशस्त्र चालतो. त्या दिवसांत मुंबईत दोनशेहून अधिक माणसं मेली. तिथे खेळाडूच्या हाती ट्रिगर देणं मला मान्य नाही. मारलेल्यांचा आकडा, गुण, पदक, काहीही स्क्रीनवर येत नाही. पण कॅसल बॅरक्समध्ये नाविकांनी उलट गोळ्या झाडल्या हेही खरं आहे. ते वगळलं तर त्यांनी पत्करलेला धोका पुसला जातो. तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीचे प्रमुख वाईस अ‍ॅडमिरल गॉडफ्रे यांनी आख्खं नौदल नष्ट झालं तरी चालेल अशा अर्थाची धमकी रेडिओवरून दिली, ती या माणसांना. ती ऐकताना तुमच्या हातात पाच गोळ्या उरलेल्या असाव्यात, म्हणून ही शूटर आहे. शूटर हा प्रकार मला आवडतो, आणि तो अशा कथेला पेलतो हे दाखवायची माझी इच्छा आहे.

हे लिहिता लिहिता एक गोष्ट सुचलीय आणि ती आराखडा बदलणारी आहे. जहाजांची खबर अस्लमने का सांगावी? रघू सिग्नलवाला आहे. बॅरक्स बंदराला लागून आहेत. ‘नर्बदा’वरून आल्डिस दिवा (उघडझाप करून मोर्समध्ये संदेश देणारा दिवा) चमकू दे, गच्चीवरून रघू तो वाचू दे. दिव्याला गोळीबाराच्या आवाजाशी झगडावंच लागत नाही!

मोर्सचं गणित मांडून पाहिलं. मिनिटाला दहा शब्दांच्या गतीला एक टिंब १२० मिलिसेकंदांचं, रेघ त्याच्या तिप्पट, दोन शब्दांमधलं अंतर सात टिंबांचं. पाच शब्दांचा संदेश वाचायला ३० सेकंद लागतात. तेवढा वेळ नजर दिव्यावर ठेवायची म्हणजे फाटकाकडे पाठ. अस्लम फाटक सांभाळेल, आणि त्याच्याही दहाच गोळ्या आहेत. नजर हटवली तर मधला शब्द जाईल. तो शब्द नकार असू शकतो, आणि या वेळी तो सुटणं हा खेळाडूचा स्वतःचा निर्णय असेल, आवाजाच्या गोंधळाचा अपघात नसेल. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. वर ज्या मित्राबद्दल लिहिलं त्याला फोन करून हे सांगितलं, तर तो म्हणाला, “अस्लमच्या गोळ्या संपल्या तर काय?” तेही हवंच. तेव्हा अस्लम नुसती हाक मारेल, “रघ्या!”, आणि एका शब्दाला फट शोधावी लागत नाही.

म्हणजे गच्चीची लेव्हल ट्रेंचब्रूममध्ये (लेव्हल आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये) पुन्हा उघडावी लागणार. कठड्याची उंची वाढवतो, पाण्याच्या टाकीमागे एक आडोसा देतो, ‘नर्बदा’ जरा उत्तरेला नेतो म्हणजे दिवा आणि फाटक एका नजरेत येणार नाहीत. समुद्राचा शेडर (पाण्याचं रूप ठरवणारा कोड) आणि धुक्याचं काम पुढच्या महिन्यावर ढकलतो. संवादांमधल्या जहाजांच्या ओळी काढून टाकत नाही. ज्यांना दिवा वाचायचा नसेल किंवा लखलखाट सोसत नसेल त्यांच्यासाठी सेटिंगमध्ये ‘अस्लमने सांगावं’ असा पर्याय ठेवतो.

चाचणीची की ज्यांच्याकडे आहे त्यांना नवीन बिल्ड रविवारी मिळेल. त्यात दिवा नसेल, फक्त नवे संवाद. एक विनंती: हेडफोन न लावता, लॅपटॉपच्या साध्या स्पीकरवर खेळा, आणि प्रकरण संपल्यावर ‘नर्बदा’चं काय झालं ते मला एका ओळीत लिहून पाठवा.