भिंतीवरचा मेजर

माझ्या गॅरेजमध्ये गणपतीच्या तसबिरीशेजारी एका परदेशी माणसाचा फोटो आहे. जावा नाहीतर येझदी घेऊन येणारा गिऱ्हाईक हमखास विचारतो, हा कोण? आयव्हन मेजर, स्पीडवे नावाच्या मोटरसायकल शर्यतीचा सहा वेळचा जगज्जेता, असं मी सांगतो. मग पुढचा प्रश्न ठरलेला: बिनब्रेकची गाडी पळवणाऱ्याचं एवढं काय कौतुक?

तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगतो.

स्पीडवेच्या ५०० सीसीच्या गाडीला खरोखर ब्रेक नसतो. गिअर एकच, टाकीत मिथेनॉल. चौघे ओळीत उभे राहतात, समोरची फीत वर उडाली की मातीच्या लंबगोल ट्रॅकला डावीकडे वळत चार फेऱ्या. मिनिटभराचा खेळ. एकमेकांना खेटून पळताना पुढच्याने ब्रेक दाबला तर मागचा त्याच्यावरच चढेल, म्हणून ब्रेक कुणालाच नाही. वळणावर मागचं चाक मुद्दाम घसरवायचं, हँडल उजवीकडे धरायचं, पोलादी तळ लावलेला डावा बूट जमिनीला टेकवायचा आणि रेस, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर, पिळलेलीच ठेवायची. गाडी घसरली की रेस सोडायची, हे आपल्या हाताला लागलेलं वळण. तिथे भलत्या क्षणी सोडली तर चाक एकदम पकड घेतं आणि स्वार फेकला जातो.

मेजर न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चचा. सतराव्या वर्षी इंग्लंडला गेला, जम बसला नाही, घरी परतला. १९६३मध्ये पुन्हा गेला आणि न्यूकॅसलच्या संघात टिकला. १९६८, ६९ आणि ७०, सलग तीन वर्षं जगज्जेता. मग दोन अमेरिकी चाहत्यांनी त्याची गाडी सोन्याने मढवून दिली. ती जावाच होती. आपली मैसूरची जावा टू-स्ट्रोक, त्याची फोर-स्ट्रोक, पण नाव तेच. हे ऐकून गिऱ्हाइकांचे डोळे चमकतात.

मला मात्र त्या सोन्यापेक्षा ओले ओल्सेन मोठा वाटतो. डेन्मार्कचा हा पोरगा मेजरच्या प्रशिक्षणवर्गात शिकला, १९६७ला न्यूकॅसलमध्येच त्याच्या जोडीला आला. आणि १९७१ला गोथेनबर्गच्या अंतिम लढतीत चेला पहिला, गुरू दुसरा! कार्बोरेटर जुळवताना पोरांकडे पाठ फिरवणाऱ्या मिस्त्रींच्या हाताखाली मी शिकलोय. आपली विद्या दिल्यावर काय होऊ शकतं हे त्यांना ठाऊक होतं, ते मेजरलाही ठाऊक असणारच. तरी त्याने दिली. माझ्याकडे नवा पोरगा लागला की आधी मी त्याला या फोटोसमोर उभा करतो.

ओल्सेनने ७५ आणि ७८लाही जगज्जेतेपद मिळवलं. मेजरही थांबला नव्हता. ७२ला वेम्बलीत त्याने ते परत मिळवलं, ७७ला पाचव्यांदा. सहावं १९७९मध्ये, पोलंडला. तेव्हा त्याची चाळिशी महिनाभरावर आली होती.