बेस उतरवण्याची वही: स्वर मिळाला, पण थांबतो कुठं?

जुन्या गाण्यांतली बेस गिटार कानानं ऐकून कागदावर उतरवायची, हे माझं काम या पावसाळ्यात बऱ्यापैकी पुढं सरकलंय. संगीतकार इलैयाराजांची जुनी कन्नड गाणी हातात घेतली होती, त्यातल्या एकाचा बेस शेवटापर्यंत लिहून झाला. सत्तरच्या दशकातल्या एका हिंदी गाण्याचा अंतरा अजून अडलाय. ढोलकीवरच्या मराठी गाण्यांचं काम मात्र ज्या वेगानं व्हायला हवं त्या वेगानं होत नाही. त्याचं कारण खाली येईलच.

आधी जागेची अडचण सांगतो, कारण बेळगावात वडगाव-शहापूरकडं राहणाऱ्यांना ती लगेच कळेल. शेजारी यंत्रमाग चालू असताना खालच्या स्वरांचं काम करता येत नाही. खडखड कानावर हेडफोन दाबून टाळता येते, पण जमिनीतून आणि भिंतीतून जी घरघर येते ती नेमकी बेसच्या चार तारांपैकी (खालून ई, ए, डी, जी) ई आणि ए तारेच्या जागेत येऊन बसते. म्हणून ऐकायचं काम रात्री, नाहीतर माग बंद असतील त्या दिवशी. दिवसा फक्त लिहिलेलं साफ करायचं.

आणि माग बंद झाले तरी वीज आहेच. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० कंपनांची. ई तारेवर तिसऱ्या फ्रेटला (गिटारच्या दांड्यावरच्या तिसऱ्या पट्टीला) जो जी लागतो तो ४९ हर्ट्झ. मोकळी जी तार ९८ हर्ट्झ, आणि विजेच्या गुणगुणीचा दुसरा पदर, म्हणजे तिच्या दुप्पट कंपनांचा स्वर, १००. म्हणजे आपल्याकडच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये, किंवा कॅसेटवरून घरी उतरवून घेतलेल्या फायलीत, कायम एक खोटा जी बसलेला असतो. गाणं जी मध्ये असेल तर बेस वाजतोय की नुसती वीज, हे पहिल्यांदा ठरवावं लागतं. मी गाणं सुरू होण्याआधीचा एखादा सेकंद घेतो, तिथं गुणगुण एकटीच सापडते. ऑडॅसिटी या आवाज साफ करायच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या तुकड्याचा नमुना देऊन ती कमी करता येते, पण जपून. जास्त साफ केलं की खरा जीसुद्धा पातळ होतो. अमेरिकन रेकॉर्डिंगमध्ये हीच भानगड ६० हर्ट्झला, म्हणजे ए-शार्प आणि बीच्या मधोमध. तिथं ती निदान कुठल्याच स्वरावर नीट बसत नाही, त्यामुळं लवकर ओळखू येते.

नव्यानं येणाऱ्यांसाठी माझी पद्धत एकदा लिहून ठेवतो. ई तार मोकळी वाजली की ४१ हर्ट्झच्या आसपास. फोनच्या स्पीकरला तो स्वर झेपतच नाही, तुम्हाला ऐकू येतात ते त्याचे वरचे पदर, आणि खालचा स्वर मेंदू स्वतः भरून घेतो. म्हणून गाणं एक सप्तक वर चढवून ऐकायचं. तोच ई ८२ वर आला की कान लगेच पकडतो. वेग कमी करायचा तर साठ-सत्तर टक्क्यांच्या खाली मी जात नाही. त्याखाली प्रत्येक आघाताची कड विरघळते आणि तार कधी छेडली तेच कळेनासं होतं. कॅसेटवरची गाणी बऱ्याचदा पट्टीच्या थोडी वरखाली असतात. अर्ध्या श्रुतीचा नाही, चांगला अर्ध्या सेमीटोनचा फरक असतो. वेग तीन टक्क्यांनी बदलला की साधारण तेवढं अंतर भरून निघतं. आधी फाईल सरळ करावी, मग गिटार हातात घ्यावी. उलट केलं तर आपलीच गिटार बेसूर वाटायला लागते.

स्वर सापडणं एवढ्यावर होतं. आता गाणं चार भागांत फोडून देणारी डेमक्स, स्प्लीटरसारखी साधनं आल्यापासून तर ते फारच सोपं झालंय. माझा वेळ जातो दुसरीकडं: स्वर संपतो कुठं?

कॅम्पातले एक अंकल आहेत. चर्चमध्ये वाजवायचे, आणि पूर्वी बेळगाव-गोव्याकडच्या लग्नांत ऑर्केस्ट्राबरोबर हिंडायचे. सगळीकडं फिरणारा एका हिंदी गाण्याचा टॅब (कुठल्या तारेवर कितवा फ्रेट ते आकड्यांत लिहिलेला कागद) मी त्यांना दाखवला. त्यांनी तो वाजवून बघितला आणि म्हणाले, "स्वर बरोबर हायत की रे. पण हा माणूस बोट उचलतच नाही! गाण्यात तो किती वेळा गप्प बसलाय ते बघ की." मग रेकॉर्डिंग लावलं. खरंच, दर मापात ड्रमसेटमधला स्नेअर पडतो त्या जागी बेस बंद. टॅबमधले आकडे सगळे बरोबर, पण वाजवलं की गाणं जड, ओढत नेल्यासारखं. चार रेघांवरच्या नुसत्या आकड्यांत स्वराची लांबी लिहायची सोयच नसते. त्यामुळं मी ठरवलंय की टॅबच्या वर स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्य स्वरलिपी) असल्याशिवाय काहीही द्यायचं नाही. वाचता येत नसलं तरी विराम कुठं आहे एवढं डोळ्याला दिसतं.

लांबी काढायला माझ्याकडं चतुर युक्ती नाही. एकच माप घोळवत ठेवतो, मूळ वेगात, आणि तोंडानं 'दुम्' म्हणतो. स्वर जिथं सुटतो तिथं तोंड बंद. वेव्हफॉर्ममध्ये छेडलेली जागा दिसते, पण शेवट गिटार आणि ढोलाच्या खाली दबतो, म्हणून तिथं डोळ्यावर भरवसा नको. नंतर फाईलबरोबर स्वतः वाजवायचं. माझा स्वर जास्त टिकला तर एक शेपूट मागं राहतं, ते लगेच टोचतं. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमरसन ज्या बेसवर वाजवायचे त्याच्या ब्रिजच्या झाकणाखाली स्पंज असायचा आणि तारा जुन्या फ्लॅटवाउंड, म्हणजे गुळगुळीत वेढ्याच्या. तिथं स्वर आपोआपच आखूड. तेच आपण नव्या कोऱ्या राउंडवाउंड, म्हणजे खरखरीत वेढ्याच्या, तारांवर वाजवायला गेलो तर प्रत्येक स्वर डाव्या हातानं दाबून बंद करावा लागतो. म्हणून माझ्या कागदावर आता वर एक ओळ असते: तारा कुठल्या वाटतात, म्यूट (तारा दबवलेल्या) आहे का, वाजवलंय बोटानं की पिकनं.

आता ढोलकीच्या गाण्यांचं. भाग फोडणाऱ्या साधनांना तबल्याचा डग्गा आणि ढोलकीची धुम ही बेसच वाटते. बेसचा भाग म्हणून जी फाईल हाती येते तिच्यात डग्ग्याचा घुमारा चांगला अर्धाअधिक भरलेला असतो. आणि डग्गा तळव्यानं दाबला की मींड घेतो, तोही बेसच्या स्लाइडसारखाच. फरक बारीक आहे. फ्रेट असलेल्या बेसवर स्लाइड चढते तेव्हा मधल्या प्रत्येक फ्रेटची एक हलकी पायरी लागते. डग्गा तेलावरून घसरल्यासारखा सरळ जातो. कानाला हे कळायला वेळ लागला, पण एकदा कळलं की फोडलेली फाईल बाजूला ठेवून मूळ गाण्याकडंच परत जावंसं वाटतं. धुमच्या जागी बेस बहुतेकदा मुद्दाम गप्प असतो, हेही त्यातूनच दिसलं.

इलैयाराजांच्या गाण्यांत प्रश्न वेगळा. चिकोडीकडच्या एका मित्रानं '८१ सालच्या 'गीता' चित्रपटातली गाणी मागितली. त्याची आई कन्नड, आमच्या घरी मराठी, पण ही गाणी दोन्हीकडं वाजलेली. इलैयाराजा प्रत्येक वाद्याचा भाग स्वतः स्टाफ नोटेशनमध्ये लिहून देतात, म्हणजे मी जे शोधतोय ते कधीतरी कागदावर होतंच. इथं बेस गाणाऱ्याच्या मागं न जाता स्वतःची वेगळी चाल धरतो, त्यामुळं एकेका स्वराचा हिशेब लागतो, आणि तो लागलाच पाहिजे असं वाटतं. मुंबईच्या त्या काळच्या हिंदी रेकॉर्डिंगचं तसं नाही. तिथं आर. डी. बर्मन यांच्याकडं वाजवणारे टोनी वाझ यांच्यासारखी नावं आज माहीत आहेत, पण कॅसेटच्या कव्हरवर बेसवाल्याचं नाव नसायचं. अशा ठिकाणी दोन कडव्यांत बेस थोडा वेगळा असला तर मी दोन्ही लिहितो. 'सरासरी' काढून एकच कडवं द्यायची पद्धत मला पटत नाही. माणूस दुसऱ्यांदा वेगळं वाजवतो, तेच तर ऐकायचंय.

खानापूरकडच्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्यांची मागणी अशी की, आम्हाला ई-ए-डी-जी कळत नाही. रास्त आहे. म्हणून यापुढं प्रत्येक कागदाच्या तळाशी: ई म्हणजे पांढरी तीन, ए पांढरी सहा, डी पांढरी दोन, जी पांढरी पाच. पूर्ण सरगम लिहायची की नाही ते ठरलेलं नाही. सा काळी एकला धरला तर बेसचा बराच भाग अतिमंद्रात, म्हणजे मंद्राच्याही खालच्या सप्तकात, जातो, आणि प्रत्येक स्वराखाली दोन दोन टिंबं काढत बसलं की कागद खरूज झाल्यासारखा दिसतो. बहुधा सगळं अतिमंद्र आहे असं वर एकदाच लिहून टिंबं काढून टाकेन.

हे कागद लोकांना वाटण्याचं तर नेहमीचंच: फक्त बेसचा भाग, मूळ ऑडिओ नाही, शब्द नाहीत, पैसे नाहीत. फुकट दिलं म्हणून संगीतकाराचा हक्क संपत नाही, त्यामुळं कुणी हक्कदारानं काढा म्हटलं तर त्या दिवशी काढणार.

अडलेल्या अंतऱ्यात एक स्वर ई तारेच्याही खाली जातोय असं वाटतं. त्या काळी पाच तारांचा बेस असण्याची शक्यता कमी. तार उतरवली असेल, नाहीतर तो बेस नसून दुसरंच काही असेल. कुणाकडं त्या गाण्याची मूळ तबकडी असेल तर तिच्यावरून काढलेली फाईल हवी आहे, एमपीथ्री नको.