तुमचा तो कोण लागत होता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हा प्रश्न मला बरेच जण विचारतात, आणि वाईट मनानं विचारतात असंही नाही. एमआयडीसीमागच्या वस्तीत भोसकलेल्या एका माणसाबद्दल हा इतका का बोलतो, त्याच्या केसच्या तारखेला रजा टाकून कोर्टात का बसतो, हे कळायला आधी नातं लागतं. भाऊ? चुलत? मेव्हणा? मित्र म्हटलं की "अच्छा" म्हणतात आणि विषय बदलतात.

तर मित्रच. जळगावला चटईच्या कंपनीत आम्ही बरोबरच लागलो. लूमच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही, म्हणून त्यानं हातवाऱ्यांची एक भाषा तयार केली होती. तिच्यात पाणी, बिडी, पगार एवढे शब्द होते आणि बाकी सगळ्या सुपरवायझरला शिव्या. सुपरवायझर समोर उभा असताना तो त्याला शांतपणे शिव्या घालायचा आणि तोंडावर मात्र 'हो साहेब'चा भाव. मी पुढे हिशेबाच्या कामाला लागलो, तो लूमवरच राहिला. थंडीत मात्र भरिताची पार्टी चुकली नाही. वांगी बामणोदचीच पाहिजेत आणि भाजायची कपाशीच्या काड्यांवरच, गॅसवर भाजलेल्याला तो हातही लावायचा नाही. नुसत्या वासावरून बामणोदचं वांगं ओळखतो अशी पैज लावायचा आणि दर वेळी हरायचा. हरला तरी काड्या जुन्या होत्या म्हणून वाद घालायचा.

2022ची आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, होऊन गेली होती. जळगावचा मे महिना. घरात पत्रे तापलेले, म्हणून सगळी गल्ली बाहेर खाटा टाकून. गाडी लावण्यावरून दोन पोरांची बाचाबाची झाली आणि हा सोडवायला गेला. एकाच्या कमरेला चॉपर होता. तो पोरगा आमच्यासमोर मोठा झालेला. मी चार खाटा पलीकडे होतो. याहून जास्त मी लिहीत नाही, ते जबाबात आहे.

सिव्हिलला कागदावर सही करायला नातेवाईक पाहिजे होता. मी तिथंच होतो, पण त्याचा मामा येईपर्यंत वाट पाहावी लागली. ऑफिसात साहेबांनी रजेच्या अर्जावर विचारलं, कोण वारलं? मित्र लिहिल्यावर एक दिवस मिळाला. चुलत सासऱ्याला मात्र तीन मिळाले असते, आणि ते तर मला ओळखतही नाहीत. सुतक मला नव्हतंच. त्याच्या दारावर मी रोज जाऊन बसायचो, तर येणारे मला शेजारी समजून पाणी मागायचे. मी द्यायचो. गंधमुक्तीच्या, म्हणजे उत्तरकार्याच्या, पत्रिकेत खाली शोकाकुल म्हणून जी नावं असतात त्यांत मी कुठं बसणार होतो?

पुढच्या आखाजीला मात्र त्याच्या मायनं मला बोलावलं. आमच्याकडे आखाजीला गेलेल्याच्या नावानं मातीची घागर भरतात, वर खरबूज, सांजोऱ्या, आंबे ठेवतात, आणि त्याच्या जागी एकाला पितर म्हणून जेवायला बसवतात. मामा म्हणाले, भावकीतला कुणी बसवू, हा कोण लागतो? त्याच्या मायला मी मावशी म्हणतो, त्या अमळनेरकडच्या. अहिराणीत एवढंच म्हणाल्या, "हाऊच बठी." हाच बसेल. निखाऱ्यावर आगारी, म्हणजे पितरांच्या नावचा घास, टाकली आणि माझ्यासमोर ताट आलं. खापरावरची पुरणपोळी, आमरस, कुरडई. बाहेर पोरी झोक्यावर गात होत्या, गल्लीत पत्त्यांचा डाव रंगला होता, आखाजीला तो चालतोच. मी पोटभर जेवलो. घास उतरला नाही वगैरे काही झालं नाही. उलट मावशी वाढत राहिल्या आणि मी खात राहिलो.

गंमत कोर्टात झाली. आरोपीच्या वकिलांनी उलटतपासणीत विचारलं, मयत तुमचा जवळचा मित्र होता ना? मी हो म्हटलं. म्हणून तुम्ही खोटी साक्ष देताय, असं त्यांचं म्हणणं. रजेला न पुरलेलं नातं इथं एकदम खोटं बोलण्याइतकं जवळचं झालं! नंतर सरकारी वकिलांनी समजावलं, की मयताच्या जवळचा आहे एवढ्यावरून साक्ष बाद होत नाही. 1953 साली दलीप सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की जवळचा माणूस खऱ्या मारेकऱ्याला सोडून भलत्याला सहसा गुंतवत नाही. त्यांनीच हेही सांगितलं, की 1 जुलै 2024पासून खुनाला नव्या भारतीय न्याय संहितेचं 103 कलम लागतं, पण आपला गुन्हा आधीचा, म्हणून तो जुन्या दंड संहितेच्या 302 कलमाचाच राहणार. निकाल अजून यायचा आहे.

तुमच्याही ओळखीत कुणी असं गेलं असेल, तर रडण्याबरोबर एक काम करा. महाराष्ट्रात 2014पासून पीडितांसाठी नुकसानभरपाईची योजना आहे, आणि तिचं काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरण पाहतं. मागणी मयतावर अवलंबून असलेल्यांनीच करायची, मित्राला तो हक्क नाही. पण घरात कुणाला लिहिता येत नसेल तर अर्ज मित्र लिहू शकतो, झेरॉक्स काढू शकतो, खिडकीसमोर रांगेत उभा राहू शकतो. मावशींच्या अर्जाची पोच मी माझ्याकडेच ठेवली आहे.