कुलूप

शेक्सपिअरची ज्युलिएट अवघी १३ वर्षांची आहे. भेट, लग्न आणि मृत्यू हे सारे पाचेक दिवसांत आटोपते. साथीमुळे निरोप्या अडकतो, ज्युलिएट मेलेली नसून फक्त गाढ झोपेत आहे हे सांगणारे पत्र रोमिओला पोहोचत नाही, आणि तो थोडा थांबला असता तर ती त्याच्यासमोरच जागी झाली असती, ही गोष्ट मला फार जाचते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी कपाशीच्या फवारणीचे औषध घरोघरी असते. मागच्या पावसाळ्यात माझा १७ वर्षांचा चुलतभाऊ मोबाइलच्या कारणावरून काकांशी भांडून रागाने कोठ्याकडे धावला. पण औषधाच्या पेटीला कुलूप होते आणि किल्ली काकूच्या कमरेला. तासाभराने तो ओसरीवर हुंदके देत बसला होता आणि काकू त्याला वरण-भात कालवून भरवत होती.