पहाटे चार वाजता संपलेला अल्बम

'अति घाई संकटात नेई' हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक घाटाच्या वळणावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं असतं. त्यामुळे घाईच्या बाजूने बोलायला कोणी पुढे येत नाही. मीही आलो नसतो, पण 'द पोलीस' या ब्रिटिश न्यू वेव्ह बँडचा 'झेन्याटा मोंडाटा' हा १९८०चा अल्बम माझा अतिशय आवडता आहे, आणि तो घाईचं पोर आहे. त्याची बाजू घ्यायची तर घाईची घ्यावीच लागते.

माझ्याकडे तो कॅसेटवर आला. कोणीतरी कोणाकडून तरी भरून घेतलेली कॅसेट होती, आणि वर बॉलपेनने फक्त 'पोलीस' लिहिलेलं. घरात थोडी चौकशी झाली.

मूळ हकिकत अशी. १९७८ मध्ये या तिघांनी पहिला अल्बम केला तेव्हा पैसा नव्हता आणि वेळही उसनाच होता. एका च्युइंगगमच्या जाहिरातीसाठी तिघांनी केस पिवळे करून घेतले होते, ते तसेच राहिले आणि तीच ओळख झाली. गाणारा आणि बेस वाजवणारा स्टिंग त्याआधी शाळामास्तर होता. ड्रमवाला स्टुअर्ट कोपलंड सीआयएच्या अधिकाऱ्याचा मुलगा. त्याचं बालपण कैरो आणि बैरूतमध्ये गेलं. गिटारवाला अँडी समर्स दोघांपेक्षा चांगलाच मोठा, पंकच्या पोरांमध्ये उभा राहिलेला काकाच जणू. दोन वर्षांत हे तिघं एवढे गाजले की कंपनीला पुढचा अल्बम तातडीने हवा झाला. हे मात्र जगभर दौरे करत हिंडत होते.

याच दौऱ्यात मार्च १९८० मध्ये ते मुंबईत येऊन वाजवून गेले. तेव्हा परदेशी रॉक बँडच्या वाटेवर मुंबई नसायची, कैरोही नसायचं. हे दोन्हीकडे गेले. मुंबईचा कार्यक्रम घडवून आणला तो टाइम अँड टॅलेंट्स क्लबने. म्हणजे मदतनिधी गोळा करणाऱ्या पारशी बायकांची संस्था, जिचं पारशी पाककृतींचं पुस्तक आजही लोक जपून ठेवतात. धनसाकचं प्रमाण चोख सांगणाऱ्या हातांनी रॉक बँडही बोलवावा, हे मला फार मुंबईचं वाटतं. इथून परतल्यावर काही महिन्यांतच 'ड्रिव्हन टू टिअर्स' रेकॉर्ड झालं. दूरच्या लोकांची उपासमार सुखवस्तू माणसाने घरबसल्या बघायची आणि मग करायचं काय, असा त्याचा विषय. गाणं रडत नाही. बेस नुसता येरझाऱ्या घालतो, आणि मध्येच समर्स एक आखूड, वेडावाकडा सोलो फेकून बाजूला होतो. दुसऱ्या कोणी तिथे व्हायोलिनं भरली असती.

रेकॉर्डिंग झालं नेदरलँड्समधल्या हिल्व्हरसम गावात, विसेलोर्ड स्टुडिओत. ब्रिटन सोडून तिथे जायचं कारण कलात्मक वगैरे नव्हतं, कर वाचवायचा होता. हातात चार आठवडे. निर्माता नायजेल ग्रे, जो पेशाने डॉक्टर होता. त्या चार आठवड्यांतसुद्धा दोन दिवस इंग्लंड आणि आयर्लंडमध्ये मोठे कार्यक्रम करून यायचे होते. कोपलंडने नंतर सांगितलं आहे की पहाटे चार वाजता काम संपलं आणि त्याच दिवशी बेल्जियममध्ये पुढचा दौरा सुरू झाला. स्टिंगला आणि त्याला हा अल्बम नेहमीच अर्धवट वाटत आला.

मला पटत नाही. म्हणजे घाई झाली हे कबूल, पण कानाला काय ऐकू येतं ते बघा. हेडफोन लावून 'व्हॉइसेस इनसाइड माय हेड' ऐका. शब्द जेमतेम दोन ओळींचे. गिटार तेच ते आवर्तन घेते, बेस तीच फिरकी. मग काम उरतं कोपलंडच्या हाय-हॅटला. ती दोन झांजांची जोडी तो इतकी बारीक कुरतडतो की एकाच मापात कुठे काठीचं टोक लागलं, कुठे पायाने झांज मिटली, सगळं वेगळं कळतं. त्याच्या ठेक्यात रेगेचं, म्हणजे जमैकाच्या संगीताचं रक्त आहे. आपल्याकडे समेवर मान डोलवायची. रेगेत बऱ्याचदा समेलाच सुट्टी देतात आणि वजन पुढे तिसऱ्या मात्रेवर टाकतात. पाय आपटायला जावं तर तिथे जमीनच नाही! हा रिकामेपणा वेळ असता तर उरला असता का? कोणीतरी म्हणालंच असतं, इथे जरा कीबोर्ड टाकू, तिथे कोरस दाट करू. पुढच्याच वर्षीच्या अल्बममध्ये सॅक्सोफोन आले, सिंथेसायझर आले. तोही चांगला आहे, पण त्यात हवा खेळत नाही.

'व्हेन द वर्ल्ड इज रनिंग डाउन' तर सबंध एकाच वळणावर फिरतं. कडवं संपून ध्रुवपद आलं तरी खाली सूर तेच. आळस म्हणा हवं तर. मी त्याला पाहुणे दारात उभे असताना केलेला शिरा म्हणतो: बेदाणे राहिले, पण रवा नेमका भाजला गेलाय.

आणि 'डी डू डू डू, डी डा डा डा'. समीक्षकांनी याची यथेच्छ टिंगल केली. नावच तसं. पण कडवी नीट ऐकली तर गाणं शब्दांनी लोकांना गुंडाळणाऱ्यांवर आहे, पुढाऱ्यांवर, धर्मगुरूंवर, आणि कवींवरसुद्धा. असल्यांपुढे निरर्थक अक्षरंच काय ती भरवशाची, असा काहीसा डाव आहे. तराण्यात तास-तासभर रमणाऱ्या आणि 'अरिंग मिरिंग' म्हणत राज्य कोणावर ते ठरवणाऱ्या आपल्या लोकांना हे समजायला जड जाऊ नये.

भांडणं होतीच. 'बिहाइंड माय कॅमल' हे समर्सचं वाद्यगीत स्टिंगला इतकं नावडलं की त्याने त्यात वाजवायलाच नकार दिला. मग बेसही समर्सने स्वतःच वाजवला. एक दिवस त्याची टेप टेबलावर पडलेली दिसली, तेव्हा स्टिंगने ती उचलून स्टुडिओमागच्या बागेत पुरून टाकली! हे त्याने स्वतःच सांगितलंय. टेप उकरून काढली, गाणं अल्बममध्ये गेलं आणि १९८२ साली त्याला सर्वोत्तम रॉक वाद्यवादनाचं ग्रॅमी मिळालं. आता खरं सांगायचं तर गाणं यथातथाच आहे, उंटाच्या चालीने जातं आणि कुठे पोचत नाही. माझं मत बागेच्या बाजूने आहे. पण चार आठवड्यांत अकरा गाणी करायची म्हटल्यावर पुरायची चैन परवडणार कोणाला?

त्याच समारंभात या अल्बमच्या पहिल्या गाण्यालाही ग्रॅमी मिळालं. 'डोन्ट स्टँड सो क्लोज टू मी': तरुण मास्तर, त्याच्यात गुंतलेली शाळकरी मुलगी, स्टाफरूममधली कुजबुज. सुरुवातीला एक खर्ज नुसता दूरवर घुमतो, जवळ येत नाही. स्टिंग कडवी जवळजवळ पुटपुटतो, आणि ध्रुवपदाला ड्रम एकदम दार उघडल्यासारखे आत येतात. ब्रिटनमध्ये हे गाणं चार आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं.

१९८६ साली हे तिघं पुन्हा एकत्र आले. बेत होता जुनी गाणी निवांतपणे, नव्याने करायचा. तेवढ्यात कोपलंड घोड्यावरून पडला, गळ्याजवळचं हाड मोडलं, ड्रम वाजवणं अशक्य. मग ठेका यंत्रावर बसवायचं ठरलं. स्टिंगला एक यंत्र हवं, कोपलंडला दुसरं. त्यावरून वाद पेटला आणि लांबला. एवढ्या खटाटोपातून जे बाहेर आलं त्यातलं मुख्य म्हणजे याच गाण्याची नवी आवृत्ती: संथ, जाडजूड, प्रत्येक कोपरा भरलेला. हाय-हॅटची ती कुरतड शोधूनही सापडत नाही. ती आवृत्ती मी शेवटपर्यंत ऐकली आहे. पुन्हा लावावीशी वाटली नाही.