'द मेकिंग ऑफ स्टार ट्रेक'ची चिकटलेली पानं : बारांतली नऊ सुटली

नववं पान आज पहाटे सुटलं. बाहेर धो धो पाऊस होता आणि आई अजून झोपेत होती, तरी तिला उठवून दाखवलंच. "सुटलं गो?" एवढं विचारून ती परत आडवी झाली. मी मात्र तासभर ते पान समोर ठेवून बसले होते. आणि पान सुटलं ही अर्धीच बातमी आहे. आतून काय निघालं ते पुढे सांगते.

जुलैची नोंद वाचली असेल तर आठवत असेल: माकडांनी कौलं सरकवली, रात्रभर पाण्याची धार कपाटावर पडली आणि वरच्या फळीवरची पुस्तकं भिजली. जेम्स ब्लिशनं स्टार ट्रेक या अमेरिकन मालिकेच्या भागांच्या कथा लिहिल्या, त्यांचे तिसरा आणि सातवा हे खंड (दोन्ही कॉर्गी प्रकाशनाचे) पंख्याखाली उभे करून वाळवले. कडा वाकड्या झाल्या आहेत, पण पानं सुटी आहेत. फॉस्टरच्या 'स्टार ट्रेक लॉग फोर'चा (तो कार्टून मालिकेवरच्या कथांचा खंड) कणा निखळला होता, तो मैद्याच्या खळीनं पुन्हा बसवला आणि चांगला बसला. आमच्या फोंड्याचे जुने बाइंडर खळीत मोरचूद घालायला सांगतात, म्हणजे कसर लागत नाही. मी यावेळी घातला नाही, कारण कणा पातळ आहे आणि निळसर डाग मला नको होता. कॉन्कॉर्डन्स, म्हणजे मालिकेचा संदर्भकोश, खालच्या फळीवर होता म्हणून वाचला. १९७६ची ती बॅलंटाइन आवृत्ती आणि तिच्या मुखपृष्ठावरची फिरती चकती शाबूत आहे. मी रोज एकदा ती फिरवून बघते.

राहिलं ते मेकिंग, मालिका कशी बनली ते सांगणारं. व्हिटफील्ड आणि मालिकेचा जनक रॉडनबेरी यांचं, १९६८चं. माझी प्रत पहिल्या छपाईची नाही, नंतरची आहे, पण ती मामांची आहे. मामा वास्कोला बंदरात नोकरीला होते आणि एका बोटीवरच्या माणसाकडून त्यांनी ती घेतली होती. मी दहा-अकरा वर्षांची असताना त्यांच्या घरी पालथी पडून ती वाचली. मालिकेच्या निर्मितीत असलेल्या जस्टमनचा तो मेमो, व्हल्कन या परग्रहावरच्या लोकांची नावं 'स्प'नं सुरू होऊन 'क'नं संपावीत असं सुचवणारा, मला तेव्हाच पाठ झाला होता. मालिका दाखवणाऱ्या एनबीसीनं विक्रीच्या माहितीपत्रकात व्हल्कन स्पॉकचे टोकदार कान आणि भुवया रंगवून साध्या केल्या, हेही तिथंच कळलं. मालिका कशी घडते, पैसे कुठे कमी पडतात, दर आठवड्याला अंतराळजहाज ग्रहावर उतरवणं परवडत नाही म्हणून माणसांना क्षणात खाली पोचवणारा ट्रान्सपोर्टर कसा जन्माला येतो, हे मालिका चालू असतानाच इतक्या मोकळेपणी सांगणारं पुस्तक त्याआधी कुणी काढलं असेल असं मला वाटत नाही. मालिकेचा एक लेखक जेरॉल्ड, त्याची मालिकेवरची १९७३ची दोन्ही पुस्तकं मला आवडतात, पण पहिलं प्रेम हेच.

गेल्या वर्षी मामी ते मला देऊन गेल्या. कणा तडकेल या भीतीनं मी ते कधी पूर्ण उघडलंच नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता अडचण. मजकुराची पानं वाळली, पण मधली फोटोंची पानं गुळगुळीत कागदाची आहेत. त्या कागदावर पांढऱ्या मातीचा लेप असतो आणि तो धरून ठेवायला स्टार्च किंवा केसिनसारखा चिकट पदार्थ असतो. पाणी लागलं की लेप मऊ होतो आणि वाळताना समोरच्या पानाच्या लेपाला धरून बसतो. ओलं असतानाच प्रत्येक पानाआड बटर पेपर सरकवायला हवा होता. मला हे माहीत नव्हतं. मी पुस्तक मिटून वर पाटा ठेवला, सपाट वाळावं म्हणून. तिथंच घात झाला. दोन दिवसांनी फोटोंतली बारा पानं मिळून एक फळी झाली होती.

सुरीनं कोरडंच उचलून पाहिलं तेव्हा कोपरा फाटला. मग किटलीची वाफ दिली. वाफेनं पान सुटलं खरं, पण लेप इतका मऊ झाला होता की सेटवरच्या एका फोटोचा अर्धा भाग समोरच्या पानावर उलटा छापला गेला. ते पान गेलं. त्या दिवशी मी सगळं कपाटात ठेवून दिलं आणि आठवडाभर हात लावला नाही.

मग डब्याची पद्धत. हवाबंद डबा, तळाला ओला टीपकागद, त्यावर प्लास्टिकची जाळी, जाळीवर फळी झालेली पानं. पाणी कागदाला शिवत नाही, फक्त दमट हवा हळूहळू आत शिरते. सहा तासांत काही झालं नाही. चोवीस तासांनी पानं ओल्या रुमालासारखी लोळागोळा व्हायला लागली, आणि आपल्या हवेत त्याहून जास्त वेळ ठेवलं तर बुरशी आलीच. अठरा तासांच्या आसपास कडा किंचित वर उचलल्या जातात. ती वेळ बरोबर वाटत होती, पण बांबूची पट्टी आत घालून उचललं की लेपाचे पापुद्रे निघत होते. ऑगस्टचे पहिले दहा-बारा दिवस यातच गेले.

अवजारांबद्दल दोन शब्द. नारळाच्या झावळीचा हीर मी तासून वापरून पाहिला. तो लवचीक असतो, पण कितीही तासला तरी मधे गोल राहतो. बांबूची पट्टी घरीच तासली, काचेनं घासून गुळगुळीत केली, आणि तिच्यापुढे दुकानातलं काही टिकत नाही. एका दुकानातून बोन फोल्डर (कागद दुमडायची हाडाची पट्टी) मागवला, तर हाडाच्या नावाखाली प्लास्टिक आलं, कडेला साच्याची धार तशीच. परत घ्यायलाही तयार नाहीत. टीपकागद मात्र पणजीत मिळाला तो जाड आणि पांढराशुभ्र आहे, पाणी सारखं धरतो, त्यावर मी खूश आहे.

आणि मग नागपंचमीच्या पातोळ्या. आई चुलीजवळ बसून हळदीची पानं सोडवत होती. मी एक गरम गरम उचलली, पान ओढलं, आणि तांदळाचा अर्धा थर पानाबरोबर निघून आला. आई म्हणाली, "निवू दे जरा. आणि वर ओढू नकोस, मागे दुमड." तिनं दुसरी घेतली, पानाचं टोक उलटं वळवलं आणि पातोळीला जवळजवळ टेकवून मागे मागे नेलं. पान स्वच्छ निघालं, शिरांचे ठसे सुद्धा जसेच्या तसे पातोळीवर.

मी डब्यातली पानं वर ओढत होते. आणि डब्यातून काढल्या काढल्या, अगदी ओली ओढत होते.

त्याच संध्याकाळी करून पाहिलं. अठरा तास डबा, मग बाहेर काढून दहा मिनिटं नुसतं ठेवणं, म्हणजे वरचा लेप जरा आवळतो. मग कोपरा पट्टीनं सुटा करायचा आणि पान सरळ वर न उचलता मागे वळवत न्यायचं. नुसतं दुमडलं तर गुळगुळीत कागदाला कायमची घडी पडते, म्हणून लाटण्याला बटर पेपर गुंडाळला आणि पान त्यावर गुंडाळत नेलं. बोटभर सरकलं की थांबायचं, सुटलेल्या जागेत बटर पेपर सरकवायचा, पुन्हा बोटभर. एका पानाला पाऊण तास लागतो. पंखा बंद, कारण वाऱ्यानं कडा आधी वाळतात आणि तिथंच पुन्हा पकडतात. पहिलं पान सुटलं तेव्हा लेपाचा एक कणही गेला नव्हता. मी लाटणं हातात धरून कितीतरी वेळ उभीच होते.

तेव्हापासून नऊ. एक वाफेनं गेलेलं, आणि दोन उरली आहेत, ती सगळ्यात घट्ट आहेत, कणाजवळच्या बाजूला.

आता आजचं नववं. ते मधोमध अगदी सहज सुटलं, जणू चिकटलंच नव्हतं. उलगडल्यावर दिसलं की कणाच्या खोबणीत एक कागद अडकलेला होता. कालनिर्णयच्या पानाचा फाडलेला तुकडा, त्याच्या मागच्या बाजूला मामांचं अक्षर, पेन्सिलीत. शाईचं पेन असतं तर काही उरलं नसतं. पेन्सिलीला पाण्यानं काही झालं नाही. तुकडा जिथं होता तिथं दोन्ही फोटो चौकोनभर इतके स्वच्छ आहेत की आत्ता छापलेत असं वाटावं.

यादी आहे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी मालिका लागायची, त्या भागांची. एकदा लागून गेला की तो भाग पुन्हा कधी दिसेल याचा भरवसा नसायचा, म्हणून मामांनी पुढे बरोबरची खूण आणि स्वतःचं मराठी नाव घालून ठेवलं. "केसाळ गोळे" म्हणजे ट्रिबल्स या प्राण्यांचा भाग, तो ब्लिशच्या तिसऱ्या खंडात आहे. "दगडातला प्राणी" म्हणजे द डेव्हिल इन द डार्क, आणि "स्पॉकचे आईवडील" म्हणजे जर्नी टु बेबल, हे दोन्ही चौथ्यात. "काउबॉय" म्हणजे स्पेक्टर ऑफ द गन असावा. ब्लिशनं तो 'द लास्ट गनफाइट' या पटकथेच्या जुन्या नावानं घेतला आहे, आणि मामांनी समास सोडून पुढे "३" लिहिलंय. म्हणजे ते भाग पाहून ब्लिशच्या खंडाशी जुळवत होते! हे वाचताना मला एकदम भरून आलं. वास्कोच्या त्या खोलीत त्यांच्या मागे ब्लिशचे खंड ओळीनं उभे असायचे, मी ते बघितले आहेत.

चवथीनंतर पुस्तक म्हापशाला बाइंडरकडे नेऊन फोटोंसकट पुन्हा शिवून घेणार होते, पण लिहिता लिहिताच ठरवलं, फोटो परत आत घालायचे नाहीत. त्या एका तुकड्यानं इतकी वर्षं जे काम केलं तेच करायचं: प्रत्येक पानाआड बटर पेपर, वेगळी सपाट पेटी, आत सिलिका जेल, आणि पुस्तकात फोटोंच्या जागी एक कोरी पट्टी. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हेच. मालिकेतल्या खुद्द एंटरप्राइझ जहाजाचं अकरा फुटी मॉडेल अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात हवा मोजून जपतात, मग आपण पेटी तरी करूच.

दुसरी गोष्ट तुकड्याच्या छापील बाजूची. वर्षाचा भाग फाटून गेला आहे, पण तीन आठवड्यांच्या तारखा, वार आणि तिथी शिल्लक आहेत, एक संकष्टीही दिसते. तिथी आणि वाराची सांगड ठरावीक वर्षांतच बसते, तेव्हा जुनी पंचांगं धुंडाळली तर वर्ष निघायला हवं. सोमवारी मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन बसणार आहे. वर्ष निघालं तर यादीवरून आपल्याकडे भाग कोणत्या क्रमानं लागले तेही थोडं कळेल. माझ्या कार्डांच्या सूचीत मी आतापर्यंत अमेरिकेतल्या प्रसारणाच्या तारखांनीच क्रम लावला होता, स्टारडेटनं, म्हणजे मालिकेतल्या काल्पनिक तारखांनी, लावण्याचा हट्ट सोडून. तिथं आता आणखी एक रकाना येणार: मामांचा रविवार.

एक नोंद मात्र सुटत नाही. "दगडातला प्राणी"च्या खालच्या ओळीत नुसतं "दोन कर्क" लिहिलंय (कर्क म्हणजे एंटरप्राइझचा कप्तान), खंडाचा आकडा नाही. मला आधी द एनिमी विदिन वाटला, मॅथेसननं लिहिलेला, ज्यात ट्रान्सपोर्टर त्याचे दोन भाग करतो. पण ब्लॉकनं लिहिलेल्या व्हॉट आर लिटल गर्ल्स मेड ऑफमध्ये त्याची यांत्रिक प्रतिकृती आहे, आणि हूम गॉड्स डिस्ट्रॉयमध्ये गार्थ नावाचा माणूस त्याचं रूप घेतो. तुमच्यापैकी कुणाला तेव्हाचे रविवार आठवत असतील, तर द डेव्हिल इन द डार्कच्या पुढच्या आठवड्यात काय लागलं होतं ते कळवा.

अकरावं आणि बारावं पान आत्ता डब्यात आहेत. रात्री आठला काढते.